खो-खोच्या पोरी, एक वही आणि एक हंगाम

मी तासगावात एका पतसंस्थेत नोकरी करते. सासर तालुक्यातल्याच एका द्राक्षपट्ट्यातल्या गावात. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले होते, पण लग्नानंतर मैदान सुटलं ते सुटलंच. २०२५ च्या जूनमध्ये गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी घरी निरोप पाठवला. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती, गणिताचे सर खेळाचा तास कसाबसा सांभाळत होते, आणि मुलींना तालुक्याला खो-खोचा संघ उतरवायचा होता. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला होता. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. ते सामने मोबाईलवर बघून आमच्या पोरी शाळेच्या मुरमाड मैदानावर सूर मारायला लागल्या. गुडघे सोलून घरी गेल्या, आया शाळेत भांडायला आल्या, आणि सरांना वाटलं की कुणीतरी बाईमाणूस संघासोबत पाहिजे. अशी माझी नेमणूक झाली. पगार नाही, संध्याकाळी पाच ते साडेसहा वेळ द्यायचा, एवढंच ठरलं.

खेळ शिकवायची मला फारशी भीती नव्हती. भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "वहिनी, पोरी खेळतात चांगल्या, पण कुणीच कशाची जबाबदारी घेत नाही. हरलं की एकमेकींकडं बोट." हे कसं शिकवतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सापडेल तसं करत गेले. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून घडलं तसं लिहिते.

शाळा १६ जूनला सुरू झाली आणि त्याच आठवड्यात सराव. सुरुवातीला सकाळी साडेसहाची वेळ ठेवली होती. पहिल्याच बैठकीत पोरींनाच विचारलं की उशीर केला तर काय करायचं. उत्तर तयारच होतं: "एक उशिरा आली की सगळ्यांनी पाच फेऱ्या." गावातल्या मंडळाच्या पोरांना असंच पळवतात, ते त्यांनी बघितलेलं. मी म्हटलं, आठवडाभर करून बघू.

उशीर रोज एकाच मुलीला व्हायचा. ती मळ्यात राहते, गावापासून लांब. सकाळी म्हशीची धार काढून दूध डेअरीत घालायचं काम तिच्याकडं. डेअरीतली रांग तिच्या हातात नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्यामुळं सगळ्या पळाल्या, तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण पळताना तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. पाचव्या दिवशी ती आलीच नाही.

शनिवारी पुन्हा बसलो. मी एवढंच विचारलं की तिनं काय केलं असतं तर ती वेळेत आली असती. बराच वेळ कुणाला उत्तर सुचेना. मग एक बारकी म्हणाली, "वेळच चुकीची हाय." सराव संध्याकाळी पाचला नेला. फेऱ्या बंद केल्या. ती मुलगी त्यानंतर जवळजवळ रोज सगळ्यांच्या आधी हजर असायची, पण ते सोडा. माझ्यापुरतं एक पक्कं झालं: पोराला जाब विचारण्याआधी ती गोष्ट खरंच त्याच्या हातात आहे का ते बघायचं. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

गैरहजेरीचा नियमही तेव्हाच झाला. यायचं नसेल तर कळवायचं, कारण सांगायची सक्ती नाही. या वयाच्या मुलींना दर महिन्याला एखाद-दोन दिवस सांगायला नको वाटणारं कारण असतंच, त्यामुळं हे महत्त्वाचं. फोन कुणाकडंच नाहीत, बापाच्या मोबाईलवरून निरोप धाडायचा तर बाप शेतात. म्हणून जोड्या लावल्या. एकाच गल्लीतल्या नाहीतर एकाच वाटेवरच्या दोघी. आपली जोडीदार येणार नसेल तर ते सांगायचं काम दुसरीचं. एका आईला हे पटलं नाही. "माझ्या पोरीनं दुसऱ्याच्या पोरीवर का लक्ष ठेवायचं?" मी म्हटलं, लक्ष ठेवायचं नाही, फक्त निरोप आणायचा. ते तिला तेव्हाही पूर्ण पटलं नाही, आणि पुढं ऑगस्टमध्ये जे झालं ते बघता ती अगदीच चुकीची नव्हती असं मला वाटतं.

मग कामं वाटली. पाण्याचा कॅन भरणं, मैदान आखायला फक्की, खांब आणि दोर खोलीतून आणणं, शेवटी सगळं परत ठेवणं. प्रत्येकीचा वार ठरला. शुक्रवार माझा. मोठ्या माणसाचाही वार असला पाहिजे, नाहीतर ती कामं वाटून घेणं न होता नुसती नोकरासारखी सांगितलेली कामं होतात, आणि पोरांना हा फरक बरोबर कळतो.

खोलीची चावी शिपाईमामांकडं असते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी जिचा वार होता ती चावी मागायला विसरली आणि मामा शेतात निघून गेले. पाच वाजले. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मॅडम, तुम्ही फोन लावा की मामांना."

"माझा वार शुक्रवारी आहे."

मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, ते बसणं फार अवघड गेलं. एक फोन केला असता तर दहा मिनिटांत चावी आली असती. पोरींनी आधी एकमेकींना दोष दिला, मग जिचा वार होता ती रडली, मग कुणीतरी म्हणालं की खांबाच्या जागी आपणच उभं राहू. त्या दिवशी दोन मुली खांब झाल्या, पाच-पाच मिनिटांनी बदलत. फक्की नव्हती म्हणून चपलेच्या टाचेनं रेघा ओढल्या. सराव झाला, वाईट झाला, पण झाला.

तेवढ्यात तिचे वडील मोटारसायकलवरून चावी घेऊन हजर. कुणीतरी घरी सांगितलं असणार. "वहिनी, पोरगी लहान हाय, विसरली. मला सांगितलं असतं तर मी आणून दिलो असतो." मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि चावी त्यांच्याकडंच ठेवायला सांगितली. पालकांशी पहिली कुरबुर झाली ती ही. या हंगामात माझा जास्त वेळ पोरींपेक्षा आई-बापांना समजावण्यात गेला. पोर पडायच्या आधीच झेलायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, मलाही माझ्या मुलाच्या बाबतीत आहे. म्हणून पालकांना एकत्र बोलावून आधीच सांगून ठेवा की कुठल्या गोष्टीत हात घालायचा नाही. नंतर सांगितलं की ते भांडण वाटतं. मी जुलैच्या पहिल्या रविवारी बोलावलं. आया सगळ्या आल्या, बाप चार. खर्चही तेव्हाच मांडला: टी-शर्ट २२० रुपये, गुडघ्याच्या पट्ट्या १५० रुपये जोडी, बूट ज्याचे त्यानं. खांब गावातल्या सुतारानं मजुरी न घेता करून दिले, नियमाप्रमाणं जमिनीच्या वर १२० सेंटिमीटर. पैसे एका मुलीकडं, हिशेब वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसेल असा.

आता वहीचं सांगते. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आक्रमणाला आठ जणी मध्यपाटीवर चौकात बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिला मागं वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडं जाता येत नाही. पलीकडचा गडी पकडायचा तर त्या बाजूला तोंड असलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं "खो" म्हणायचं, मग ती उठणार आणि ही तिच्या जागी बसणार. पळतीला, म्हणजे बचावाला, समोरच्या तिघी-तिघींच्या तुकडीनं आत येतात; एक तुकडी बाद झाली की पुढची लगेच आत गेली पाहिजे. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. उठल्यावर धरलेली दिशा बदलली की फाऊल. फाऊल झाला की पंच शिट्टी मारतात, पाठलाग करणारीला उलटं जावं लागतं, आणि पळणारीला फुकटचा श्वास मिळतो. म्हणजे चूक एकीची, भुर्दंड नऊ जणींना. आमच्या गटाला पाळी सात मिनिटांची, त्यात पाच-सहा फाऊल झाले की पाळी गेली.

फाऊल झाला की आमच्या आठही जणी मान वळवून त्या एकीकडं बघायच्या. ते बघणं मला शिट्टीपेक्षा वाईट वाटायचं. ती मुलगी पुढच्या खो ला घाबरून उशिरा उठायची आणि गडी सुटायचा.

दोनशे पानी वही घेतली, प्रत्येकीला चार पानं. सराव संपला की पाच मिनिटं बसून आपापल्या पानावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात पानं भरली ती दुसरीच्या नावानं: हिनं खो हळू दिला, ती मधेच उठली, तिनं पाणी आणलं नाही. मग कॅप्टननंच नियम सुचवला की आपल्या पानावर दुसरीचं नाव येणार नाही. त्यानंतर पहिले दोन दिवस वही जवळजवळ कोरी राहिली. मग मंगळवारी, ८ जुलैला, मळ्यातल्या मुलीनं लिहिलं: "खो मिळायच्या आधी उठलो. दोनदा. पळणारी जवळ दिसली म्हणून." खाली तारीख आणि सही, बँकेत करतात तशी. बाकीच्यांनी ते वाचलं. दुसऱ्या दिवशी सात-आठ जणींच्या पानांवर काही ना काही होतं.

नुसती चूक लिहून भागत नव्हतं. महिनाअखेरीला एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी आधी उठतो कारण मागचीचा खो ऐकूच येत न्हाई. ते कुठं लिहू?" प्रश्न बरोबर होता. पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला माझ्याकडून काय चुकलं, उजव्या बाजूला मला संघाकडून काय पाहिजे. उजव्या बाजूलाही नाव नाही, फक्त मागणी. "खो मोठ्यानं म्हणा." "मी बाद झालो की लगेच ओरडू नका, आधी पुढची तुकडी आत घाला." "कडेच्या चौकात रोज मीच का?" शनिवारी उजवी बाजू मोठ्यानं वाचायची, डावी बाजू कुणाची कुणी वाचायची नाही. माझंही पान होतं. त्याच्या उजव्या बाजूला मी काहीही लिहिलं की पोरी आवडीनं वाचायच्या.

खो मोठ्यानं म्हणायला यांना तीन आठवडे लागले. घरात मुलींना आवाज खाली ठेवायला शिकवलेलं असतं, मैदानात एकदम वर कसा येणार.

जुलैच्या मध्यावर कागदपत्रांचं सुरू झालं. शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका ऑनलाइन भरायच्या असतात, शाळेच्या लॉगिनवरून. आमचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांकडं, ओटीपी त्यांच्या जुन्या नंबरवर, तो नंबर बंद. अर्धी रजा टाकून सांगलीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात गेले, मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळेचा यू-डायस क्रमांक घेऊन. नवा पासवर्ड मिळायला तीन दिवस लागले. तुमच्याकडं शिक्षक बदलून जात असतील तर मे महिन्यातच हे हातात घ्या आणि नंबर शाळेचा द्या, माणसाचा नको.

प्रत्येक मुलीमागं लागतं ते असं: जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख, आधार, फोटो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं ओळखपत्र. मूळ कागद सामन्याच्या दिवशी सोबत असलेले बरे. २०२५-२६ साठी १४ वर्षांखालील म्हणजे जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा. मी प्रत्येकीला एक पिशवी आणि एक चिठ्ठी दिली. कागद काय काय, कधीपर्यंत, आणि खाली पालकाची सही. फाईल जिची तिनं पूर्ण करायची. शेवटची तारीख मी मुद्दाम आठवडाभर अलीकडची सांगितली होती, आणि तसं पोरींना सांगूनही ठेवलं होतं.

पळतीला आमची जी सगळ्यात जास्त टिकायची, तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी २०११ होती. शाळेच्या रजिस्टरला मे २०१२. ही १ जानेवारी खेड्यात अनेकांच्या आधारवर दिसते, कारण कार्ड काढताना नेमकी तारीख कुणाला सांगता आली नाही की तीच पडते. आधारप्रमाणं ती गटात बसत नव्हती. दुरुस्तीला जन्माचा दाखला पाहिजे. आता पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं दाखला आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, जत तालुक्यात. या गावच्या ग्रामपंचायतीत शोधून उपयोग नाही. तुमच्या संघात थोरल्या लेकी असतील तर हे आधीच विचारून घ्या.

हे सगळं तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. चिठ्ठी सही होऊन परत आली. "दाखला आणायला सांगितलंय" असं ती दर दोन दिवसांनी सांगत राहिली. प्रत्यक्षात घरी तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. सही आजोबांची होती, त्यांनी न वाचता केलेली. घरात आजी दवाखान्यात, वडील तिकडं धावपळीत, अशात जतला जा म्हणून सांगायचं कसं, म्हणून ती गप्प. तिच्या जोडीदार मुलीला हे दहा दिवस माहीत होतं.

खरी मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा जिचा दाखला अडला होता तिनंच माझ्याजवळ येऊन सांगितलं. मी त्याच मिनिटाला तिच्या वडिलांना फोन केला. इथं पायरीवर बसून राहायचा प्रश्न नव्हता, तिनं सांगितल्यावर माझं काम सुरू झालं होतं. वडील दुसऱ्या दिवशी पहाटे जतला गेले. ग्रामसेवकांकडं दोन गावांचा कारभार, ते त्या दिवशी दुसऱ्या गावात. दाखला मिळाला तिसऱ्या दिवशी. प्रवेशिका आदल्या रात्री बंद झाली होती.

तिचे वडील पतसंस्थेत आले, काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, आठवडाभर आधी एक फोन केला असता तर पोरीचं वर्ष गेलं नसतं." वर्ष गेलं हे खरंच होतं. मे २०१२ चा जन्म म्हणजे १४ च्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. मी सही केलेली चिठ्ठी दाखवू शकले असते. दाखवली नाही, कारण ती दाखवली असती तर घरी जाऊन आजोबांना बोलणी बसली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या-एवढ्या पोरींच्या हातात एवढं मोठं काम द्यावं का, हा प्रश्न मी आजही पूर्ण सोडवलेला नाही. यंदा मी एक गोष्ट बदलली आहे: चिठ्ठीवर सही घेते, आणि वर पालकाशी एकदा तोंडी बोलते. बाकी फाईल पोरीचीच.

जास्त गुंता जोडीदार मुलीचा झाला. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. तिचं म्हणणं सरळ होतं: "चुगली कशाला करायची?" शाळेत आपणच शिकवतो की चुगली वाईट. मग कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली पोटात ठेवायची, हे तेरा वर्षांच्या पोरीनं कसं ठरवायचं? यावर पोरी दोन संध्याकाळ बोलल्या, मी बहुतेक वेळ ऐकत होते. एकीचं म्हणणं, मैत्रिणीनं शपथ घातली असेल तर सांगायचं नाही. दुसरीनं विचारलं, "ती विहिरीत पडली आन् शपथ घातली तर?" हशा झाला, पण प्रश्न लागला. शेवटी त्यांनी ठरवलं ते असं: आधी तिलाच सांगायचं की तू सांग. दोन दिवसांत तिनं सांगितलं नाही तर मी सांगणार, हेही तिला आधीच सांगायचं. तिच्या पाठीमागं काही नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलं गेलं. मला स्वतःला हे कधी इतकं स्वच्छ सुचलं नसतं.

जिचं नाव यादीतून गेलं ती चार दिवस आली नाही. मग आली, आणि खेळायच्या ऐवजी घड्याळ मागून घेतलं. कोण पळतीला किती टिकलं त्याची नोंद ती ठेवायला लागली. तिला ते मी सुचवलं नव्हतं.

ऑगस्ट असाच गेला. पाऊस, कृष्णा फुगली की सगळ्यांचे कान सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं तिकडं लागलेले, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. नदीकाठी पाहुणे असलेल्यांच्या घरी माणसं राहायला आलेली. २८ तारखेला ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ, त्याच्या अलीकडं-पलीकडं सराव होणं शक्यच नव्हतं. तालुक्याचे सामने मैदान ओलं म्हणून पुढं गेले.

शेवटी ९ सप्टेंबरला सामने झाले. जायचं कसं तेही पोरींनी ठरवलं. वडापवाला, म्हणजे खाजगी जीपवाला, जाऊन-येऊन १२०० रुपये म्हणत होता. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे आम्हाला सगळ्यांनाच अर्धं. पण पहिली गाडी चुकली तर सामना गेला. दोघींनी आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन कंट्रोलरना विचारलं, गाडी कुठून मुक्कामाला येते ते बघितलं, आणि एसटी ठरली. गाडी वेळेवर आली.

पहिला सामना सहज निघाला. उपांत्य सामना आम्ही एका गुणानं हरलो, दहा-नऊ. आमच्या पळतीत तिघींची एक तुकडी बाद झाली आणि पुढची तुकडी वेळेत आत गेली नाही. एक जण बुटाची नाडी बांधत खाली वाकली होती. लेट एंट्री, गडी बाद. रेषेबाहेरून एक काका ओरडले, "कुठं लक्ष होतं गं तुझं! हिच्यामुळं घालवली मॅच!" कॅप्टन त्यांच्याकडं चालत गेली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर थांबा. आमचं आम्ही बघतो." ते काका म्हणजे तिचे सख्खे चुलते. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल ते मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत मागच्या बाकांवर वही फिरली. मी मागितली नव्हती. नाडीवाल्या मुलीनं लिहिलं: "नाडी आधी बघितली न्हाई. तुकडी बाद झालेली कळली न्हाई." पण तिच्या आधीच एका राखीव मुलीचं पान भरलं होतं. "मी बाहेर बसलो होतो. तुकडी बाद झालेली दिसली. हाक मारली नाही, कुणीतरी मारंल वाटलं." तिच्यासारखं आणखी दोघींनी लिहिलं. मग कॅप्टननं सगळ्या पानांवरचे फाऊल मोजले. सात फाऊल, पाच जणींचे. एक जण पळताना घाबरून हद्दीबाहेर गेलेली, तो आणखी एक गडी. "मग एक गुण कुठला गेला?" असं तिनं विचारलं, आणि नाडीवाली तेव्हा पहिल्यांदा खिडकीतून तोंड आत करून बसली.

घड्याळवालीनं त्या दिवशी पानावर काही लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली आणि द्राक्षपट्ट्यात सगळ्या घरांना हात कमी पडायला लागले. सराव आपोआप आठवड्यातून दोन दिवसांवर आला. घड्याळवाल्या मुलीच्या आधारची दुरुस्ती तोवर झाली होती, ५० रुपये भरून आणि महिनाभर वाट बघून. १ ऑक्टोबरपासून तेच शुल्क ७५ रुपये झालं आहे. ज्यांच्या तारखा चुकल्या आहेत त्यांनी निकालाच्या सुट्टीत हे उरकावं, जूनमध्ये केंद्रावर दाखल्यांचीच झुंबड असते.

यंदा १४ वर्षांखालील गटाची तारीख १ जानेवारी २०१३ आहे, त्यामुळं निम्म्या पोरी वरच्या, १७ च्या गटात गेल्या. घड्याळवालीही त्यातच, आणि आता खेळते आहे. तिचे वडील डेअरीपाशी भेटले तर मान हलवतात, बोलत नाहीत. सातवीतल्या नव्या मुली आल्या आहेत, त्यांना जुनी वही दाखवली. पहिल्या पानावरचे नियम वाचून त्यातली एक म्हणाली, "हे आम्ही कुठं ठरवलंय? आम्ही का पाळायचं?" जुन्या पोरींना राग आला. मला त्या नवीनचं म्हणणं बरोबर वाटतं. दोन दिवसांची मुदत तिला जास्त वाटते, एकच पाहिजे म्हणते. शनिवारी सगळ्या बसणार आहेत. खांबांना रंग द्यायचा आहे, त्याचे पैसे कुठून आणायचे तेही त्याच दिवशी ठरेल.